अकरावी पट्टी

सरोजिनी हावळ यांनी एकतीस वर्षांत जेवढं कापड जाळलं, तेवढं एखाद्या घराण्यात तीन पिढ्या मिळून नेसलं जात नसेल. आणि जाळायचा त्यांना पगार होता. इचलकरंजीच्या वस्त्रपारख केंद्रात तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, समोरून काच लावलेलं. त्या कपाटात कापडाची पट्टी उभी टांगायची, खालून ज्योत लावायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं, हे त्यांचं काम. ‘काय करता हो तुम्ही?’ असं कुणी विचारलं की त्या सरळ सांगत, ‘आग लावते.’ विचारणारा गप्प व्हायचा आणि बाईंना मनातून फार बरं वाटायचं.

या आग लावण्याचीही एक रीत असते. आगरोधक रसायन पाजलेलं कापड तपासायला आलं की त्याच्या दहा पट्ट्या कापायच्या, पाच उभ्या धाग्याच्या, पाच आडव्या. प्रत्येक पट्टी फूटभर लांब, तीन इंच रुंद. खालच्या कडेला मोजून बारा सेकंद ज्योत धरायची आणि काढून घ्यायची. ज्योत काढल्यावर कापड किती वेळ जळत राहिलं ते बघायचं, मग धग किती वेळ राहिली ते बघायचं. शेवटी काळ्या पडलेल्या भागाला वजन अडकवून पट्टी फाडायची. जिथं फाटणं थांबेल तिथवर कापडाचा जीव गेला, असं समजायचं. सहा इंचांच्या आत थांबलं तर पास. एवढं झालं की तेच कापड पन्नास वेळा धुवायचं आणि पुन्हा दहा पट्ट्या जाळायच्या. पाण्यात धुऊन जाणारा शहाणपणा काय कामाचा?

नियम इथं संपतो. बाईंचं काम मात्र इथं संपत नसे. त्यांना शिकवणारे उपाध्ये सर एक जादा पट्टी जाळायचे. ‘दहा पट्ट्या सरकारच्या,’ असं ते म्हणायचे, ‘अकरावी आपली.’ ही अकरावी पट्टी नव्या ठाणातली नसायची. कुणीतरी वापरलेल्या, घामानं भिजलेल्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या कपड्यातली असायची. ओतकाम करणाऱ्या कामगाराच्या जुन्या डगल्याची बाही मागायला सर स्वतः सायकलवरून जायचे. सर गेले, पण बाईंनी रीत सोडली नाही. वहीत त्या अकराव्या पट्टीसाठी लाल शाईनं वेगळा रकाना आखत, आणि वरचे साहेब त्याला ‘बाईंचं सोवळं’ म्हणून हसत.

२०४३ साली मात्र हे सगळंच निकालात निघायची वेळ आली.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी शाळांच्या स्वयंपाकघरांत हायड्रोजनच्या शेगड्या आल्या. स्वस्त, धूर नाही, काजळी नाही. फक्त एक खोड होती. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. त्या ज्योतीला रंग द्यायचे दोन-तीन प्रयत्न झाले, पण रंग टिकेना. शेगडी बंद आहे असं वाटून बाई वाकायची आणि पदर पेटायचा. पाच-सहा ठिकाणी बायका भाजल्या, दोघी गेल्या. मग सरकारनं ठरवलं की शाळेत स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला आगरोधक सुती साडी द्यायची. पहिल्या खेपेला सव्वा लाख साड्या, आणि त्या तपासायच्या इचलकरंजीत.

सव्वा लाख साड्यांचे गठ्ठे पारखायला जुन्या रीतीनं आठ महिने लागले असते. ‘अग्निदर्शी’नं ते काम नऊ दिवसांत केलं.

अग्निदर्शी हे यंत्र दिसायला शिलाईच्या टेबलाएवढं. कापड त्याच्या काचेवर पसरायचं. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश धाग्याच्या आत शिरतो आणि तिथं फॉस्फरस कुठं, किती, कसा बसलाय हे वाचून येतो. या फॉस्फरसवर तर सगळा खेळ असतो. साधं सुती कापड तापलं की त्यातून जळणारे वायू निघतात, आणि खरी आग लागते ती त्या वायूंना. फॉस्फरस असला की तो तापून आम्ल बनतो आणि कापसातलं पाणी काढून घेऊन त्याचा कोळसा करून टाकतो. कोळसा लवकर पेटत नाही, उलट मागच्या कापडाला आडोसा देतो. अग्निदर्शी हा सगळा हिशेब मांडतं, पन्नास धुण्यांनंतर काय उरेल तेही मांडतं आणि चाळीस सेकंदांत सांगून मोकळं होतं. काडीही ओढावी लागत नाही.

आणि हे यंत्र केलं होतं केतकीनं. बाईंच्या सख्ख्या भाचीनं.

बाईंनी लग्न केलं नाही. थोरला भाऊ लवकर गेला, तेव्हा वहिनी आणि चार वर्षांची केतकी यांच्यासोबत त्यांनी संसार मांडला. वहिनी शाळेत स्वयंपाकाला जायच्या, म्हणून केतकी दुपारभर आत्याच्या खोलीत, उंच स्टुलावर. बारा सेकंद मोठ्यानं मोजायचं काम तिचं. ‘एक, दोन, तीन...’ बाराला ती टाळी वाजवायची आणि आत्या ज्योत काढायची. त्याच पोरीनं एकतिसाव्या वर्षी असं यंत्र केलं, की आता कुणाला बारापर्यंत मोजायचीच गरज नव्हती.

गुरुवारी दुपारी केतकी खोलीत आली. शनिवारी शिक्षण खात्याचे उपसंचालक बेळंके येणार होते. त्यांची सही झाली की सोमवारी ट्रक सुटणार.

“आत्या, एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“कपाट भंगारात चाललंय ना? शिपायानं सकाळीच सांगितलं.”

“नवा नियमच तसा आलाय. एक तारखेपासून देशात कुठंच जाळून तपासायचं नाही. धूर होतो, कापड वाया जातं...”

“मला नको समजावू. मीच तुला शिकवलंय समजावून कसं सांगायचं ते.” बाई हसल्या, पण त्यांना वाईट वाटलंच. त्यांनी वही पुढं ओढली. “साड्यांच्या पानावर लाल रकाना रिकामा आहे. तेवढा भरते, मग न्या कपाट.”

“अजून अकरावी पट्टी?” केतकीनं कपाळाला हात लावला. “आत्या, यंत्रानं दोन हजार नमुने बघितलेत!”

“नवे. नेसलेला एकही नाही.”

नेसलेली साडी शोधायला लांब जायला नको होतं. सहा महिन्यांपूर्वी पाहणीसाठी चाळीस साड्या शाळांत वाटल्या होत्या, त्यातली एक त्यांच्याच घरात होती. रत्नावहिनी ती आठवड्यातून चार दिवस नेसत आणि भेटेल त्याला सांगत, ‘माज्या केतकीनं पास केलेली साडी हाय ही.’

संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा वहिनी मोरीत तीच साडी धूत बसल्या होत्या. हिरवी साडी, तांबडा काठ. बाजूला साबणाची वडी आणि बोअरच्या पाण्याची बादली.

“वहिनी, ह्या साडीची एक पट्टी हवी. आतल्या टोकाची, खोचतेस तिथली.”

“जाळायला?” वहिनींनी साडी छातीशीच धरली. “वन्सं, सहा म्हैने जपली हाय मी. बाकीच्या बाया शाळेत येती त्या धुलाईच्या गाडीत टाकत्यात, सगळ्यांच्या कपड्यात. मी न्हाई टाकली. हातानं धुतो, येगळी धुतो, दोनदा साबण लावतो. लेकीची वस्तू म्हटल्यावर जपाय नको?”

“म्हणून तर तुझीच हवी. एवढी जपलेली दुसरी कुणाची असणार?”

वहिनी विरघळल्या. साडी वाळल्यावर स्वतः कात्री आणून दिली, वर बजावलं, “काठाला हात लावू नका म्हंजे झालं.” बाईंनी दोन पट्ट्या घेतल्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पहिली पट्टी टांगली. ज्योत लावली. मनातल्या मनात बारा मोजले, ज्योत काढली आणि घड्याळाकडे बघितलं. आता दीड-दोन सेकंदांत विझेल, वहीत आकडा लिहू, कपाटाला नमस्कार करू, असं सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

पट्टी विझली नाही. ज्योत वर चढत गेली, मध्यावर आली, चिमट्यापाशी पोचली. काचेच्या आत पिवळा उजेड भरला आणि सतरा सेकंदांत फूटभर कापड संपलं.

बाईंनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं. त्यांनी दुसरी पट्टी टांगली. तीही तशीच गेली.

फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, “केतकी, खाली ये.”

केतकी आली, राखेकडे बघितलं आणि आधी तिला रागच आला. “आईनं खळ घातली असणार! खळ पेटते, हे तुलाही माहीत आहे.”

तिथल्या तिथं फोन लावला. वहिनींचा आवाज खोलीभर ऐकू आला. “खळ? ह्या साडीला? मला काय खूळ लागलंय का? कागदावर लिवलं हुतं, खळ घालू नका, ब्लीच घालू नका. मी दोनदा वाचलंय.”

केतकीनं शिपायाला पाठवून उरलेली साडी घरून मागवली आणि वर नेऊन अग्निदर्शीच्या काचेवर पसरली. चाळीस सेकंदांनी हिरवा दिवा लागला. पास. तिनं पुन्हा पसरली, उलटी पसरली. पास. फॉस्फरस धाग्यात जसाच्या तसा होता.

“बघ!” ती म्हणाली. “यंत्र चुकत नाहीये. तुझ्या दोन पट्ट्यांतच काहीतरी गडबड असेल. आत्या, दोन पट्ट्यांसाठी मी सव्वा लाख साड्या थांबवू? उद्या बेळंके साहेब येतायत. चार वर्षं घातलीयत मी याच्यात. लोक म्हणतील, कपाट जाऊ नये म्हणून म्हातारीनं...”

ती थबकली. बाईंना तो शब्द लागला. त्यांनी तो गिळला, कारण त्याहून मोठी गोष्ट समोर होती.

“लोकांचं सोड,” त्या म्हणाल्या. “सोमवारी तुझी आई हीच साडी नेसून त्या शेगडीपुढं उभी राहणार. मला विचारेल, ‘नेसू ना?’ मी काय सांगू? तू सांग. तुझ्या यंत्रानं सांगितलेलं नको. तू सांग.”

केतकीनं हिरव्या दिव्याकडे बघितलं. मग तिनं यंत्राचं बटण बंद केलं.

“सॉरी, आत्या,” ती म्हणाली. “चल. राख बघू.”

पुढचे तीन तास त्या दोघी जुन्या खोलीत खाली मान घालून बसल्या होत्या. केतकीनं आईच्या शाळेतल्या हसीनाबी मुल्लांची साडी मागवली. तेवढीच वापरलेली, पण धुलाईच्या गाडीत टाकून धुतलेली. तिची पट्टी बारा सेकंदांनी शहाण्यासारखी विझली. म्हणजे कापड चांगलं, रसायन चांगलं. खोट मधेच कुठंतरी.

वहिनींच्या साडीच्या राखेत मात्र बाईंना पांढुरकी भुकटी दिसली. त्यांनी ती बोटावर घेतली. ती कुठंतरी बघितली होती, रोज बघत होत्या. आणि एकदम आठवलं. घरी बोअरचं पाणी तापवायच्या पातेल्याला आतून हाच थर धरतो! त्यांनी डब्यातली लिंबाची फोड राखेवर पिळली. राख फसफसली.

“चुना!” दोघी एकदमच म्हणाल्या.

मग उलगडायला वेळ लागला नाही. बोअरच्या जड पाण्यात चुना असतो. साबणाची वडी त्या पाण्यात घासली की चुना आणि साबणातलं तेल एकत्र येऊन चिकट साय बनते. ती धाग्यावर बसते, वाळते, पुढच्या धुण्याला तिच्यावर आणखी एक थर. तेलाचा थर म्हणजे आगीला आयतंच खाद्य. शिवाय चुना फॉस्फरसच्या आम्लाला मारतो, मग कोळसा करायला उरतं कोण? आत पहारेकरी धडधाकट होता, पण त्याचे हात बांधलेले होते. धुलाईच्या गाडीत गोडं पाणी आणि पावडर, म्हणून हसीनाबींची साडी वाचली. ज्या बाईनं साडी सगळ्यात जास्त जपली, तिच्याच साडीवर सगळ्यात जाड थर.

“आणि तो थर यंत्राला दिसला होता,” केतकी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “त्याला तो मळ वाटला. मळ दिसला तर बाजूला काढून आत बघायचं, असं मीच शिकवलंय त्याला.”

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. “तू एकटी नाहीस. एकतीस वर्षं मी पन्नास-पन्नास धुणी काढली, सगळी गोड्या पाण्यात, नियमातल्या पावडरीनं. कामगारांचे डगले कंपनीच्या धोबीखान्यात जायचे, त्यामुळं कधी उघडं पडलं नाही. साडी हातानं धुतात, हे त्या नियम लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? आपल्याला तरी माहीत असायला हवं होतं.”

“पण आता साडी गेलीच ना?”

“का जाईल? पातेलं टाकून देतो का आपण?”

पातेल्याचा थर वहिनी लिंबूसत्वानं काढायच्या, त्याला त्या ‘निवळणं’ म्हणायच्या. बाईंनी बादलीभर गोड्या पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घातलं आणि हिरव्या साडीचा तुकडा तासभर बुडवून ठेवला. पाणी गढूळ झालं. तुकडा खळबळून उन्हात टाकला. त्याची पट्टी जाळायचं मात्र केतकीनं अडवलं.

“ही उद्या. साहेबांसमोर.”

“आणि नाही विझली तर?”

“तर त्यांनाही ते दिसलं पाहिजे,” केतकी म्हणाली.

शनिवारी अकरा वाजता बेळंके साहेब आले. वरच्या दालनात हार, पेढे, अग्निदर्शीला फुलं. केतकीनं सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, “साहेब, सही करू नका. माझं यंत्र चुकलंय.” केंद्राच्या संचालकांनी घाम पुसला. केतकी सगळ्यांना घेऊन तळमजल्यावर आली, त्या भंगारात निघालेल्या कपाटापुढं. कोपऱ्यात रत्नावहिनी बसल्या होत्या, मांडीवर कापलेली साडी घेऊन. त्यांना लेकीनं आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या रडल्या होत्या, स्वतःसाठी नव्हे, पोरीचं नाव खाली जाईल म्हणून.

पहिली पट्टी न निवळलेली. ती सतरा सेकंदांत भडाभडा गेली. साहेब दोन पावलं मागं सरकले.

दुसरी पट्टी लिंबूसत्वात निवळलेली. बाईंनी ज्योत लावली, आणि मागून आवाज आला.

“एक, दोन, तीन...”

केतकी मोजत होती. मोठ्यानं, लहानपणी मोजायची तशी. पाचाला वहिनींनी सूर धरला, आठाला साहेबसुद्धा पुटपुटायला लागले. बाराला केतकीनं टाळी वाजवली आणि बाईंनी ज्योत काढली.

पट्टीवर एक पिवळी जीभ हलली आणि विझली. सव्वा सेकंद. धग नाही. बाईंनी वजन अडकवलं, पट्टी फाडली, फूटपट्टी लावली. “साडेतीन इंच,” त्या म्हणाल्या. “पास!”

टाळ्यांनी खोली भरून गेली. संचालकांनी तर शिपायाला मिठी मारली.

ट्रक सोमवारी गेले नाहीत, तीन आठवड्यांनी गेले. तेवढ्या वेळात केतकीनं बावीस गावांचं पाणी आणि अकरा तऱ्हेच्या साबणांच्या वड्या आणल्या, आणि अग्निदर्शीला मळाकडे बघायला शिकवलं. प्रत्येक साडीच्या घडीत लिंबूसत्वाच्या पुड्या गेल्या, आणि सोबतचा कागद वहिनींनी सांगितला तसा लिहिला गेला: ‘साबण लावू नका, पावडर वापरा. पंधरा दिवसांनी लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा, पातेलं निवळता तसं.’ बेळंके साहेबांनी वर भांडून नियमही बदलून आणला. यंत्रानं शंभर नमुने पास केले की एक वापरलेला नमुना जाळून बघायचाच. सरकारी कागदात त्याला लांबलचक नाव आहे. सगळे त्याला अकरावी पट्टी म्हणतात.

कपाट भंगारात गेलं नाही. ते वरच्या दालनात अग्निदर्शीच्या शेजारी बसलं, नवा रंग लावून.

त्या शनिवारी सगळे पांगल्यावर वहिनींनी तुकडे गेलेली साडी उचलून विचारलं होतं, “हिच्यात निऱ्या कमी येतील आता. पण निवळून घेतली, तर सोमवारी नेसू न्हवं?”

केतकी यंत्राकडे वळली नाही. तिनं आईच्या डोळ्यांत बघितलं. “नेस, आई.”

गोष्ट इथंच संपली असती. पण चार महिन्यांनी, एका मंगळवारी भर दुपारी, रत्नावहिनी केंद्राच्या पायऱ्या चढून थेट वरच्या दालनात आल्या. अंगावर हसीनाबींची साडी, हातात पिशवी. आत्या-भाची दोघी तिथंच होत्या. वहिनींनी पिशवीतून हिरवी साडी काढली आणि टेबलावर पसरली. पदराच्या खाली तळव्याएवढा काळा डाग होता.

केतकीच्या हातातला पेला खाली पडला. “आई! काय झालं?”

“काय व्हायचंय? शेगडी बंद हाय म्हणून वाकलो. न्हवती बंद. चटका बसला तवा कळलं, पदर पेटलाय. हसीना वरडली. मी खाली बगितलं तर इझलेला.” वहिनींनी दोन्ही हात पुढं करून उलटसुलट दाखवले. एक बोट जरा लाल होतं, बस्स. “केस बी जळला न्हाई. डाळ तेवढी करपली.”

केतकी आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. बाई रडल्या नाहीत, कारण त्यांना काम होतं. त्यांनी चष्मा पुसला, डागाला वजन अडकवलं आणि कापड फाडलं. तीन इंचांवर फाटणं थांबलं. मग त्यांनी वही उघडली, लाल रकान्यात तारीख टाकली, आकडा लिहिला, आणि नमुना कुणाचा या जागी वळणदार अक्षरात लिहिलं: रत्नाबाई हावळ, स्वयंपाकीण.

वहिनींनी ते वाचून घेतलं, मान हलवली आणि पिशवीची घडी घातली.

“झालं न्हवं? मग आता नवी साडी द्या बगू. उद्या दोनशे पोरांची आमटी करायची हाय.”